प्राणहितेच्या काठचे प्रश्न आणि शाळा

बेज्जूर हे तेलंगणात प्राणहिता नदीच्या पश्चिम अंगाला, जंगलाने वेढलेले मंडल आहे. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या जिल्ह्याचे चार भाग झाले आणि बेज्जूर कोमराम भीम आसिफाबाद या नव्या जिल्ह्यात गेले. वर्धा आणि वैनगंगा या नद्या थोड्या वरच्या बाजूला तुम्मिडिहेट्टीजवळ एकत्र येतात आणि तिथून पुढे प्राणहिता हे नाव सुरू होते. नदीपलीकडे महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा लागतो. या पट्ट्यात गोंड आणि कोलाम राहतात, तेलुगू शेतकरी राहतात, मराठी बोलणारे आरे आणि माळीही राहतात. मुले घरी एक भाषा बोलतात, बाजारात दुसरी ऐकतात आणि शाळेत बऱ्याचदा तिसरीत शिकतात.

विज्ञानाचे आणि पर्यावरणाचे मोठे प्रश्न या मुलांच्या दाराशी उभे आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांचे जीवाश्म, नाहीशी होत चाललेली गिधाडे, ताडोब्याकडून येणारे वाघ, जंगल कोणाचे हा वाद आणि नदीवरच्या धरणाची उंची हे सारे एका तालुक्याएवढ्या परिसरात सापडते. विद्यार्थ्याला अशा प्रश्नांकडे डोळसपणे पाहायला शिकवण्याचे प्रयत्नही इथे आणि आसपास वेळोवेळी झाले. त्यांचा इतिहास सलग नाही. जिथे मुलांच्या भाषेपासून आणि गावाच्या अनुभवापासून सुरुवात झाली तिथे विचार रुजला, आणि राज्यकारभार बदलला की तो धागा पुन्हा पुन्हा तुटला.

या भागाची वैज्ञानिक ओळख जगाला प्रथम दगडांनी करून दिली. गडचिरोलीतल्या सिरोंचाजवळ, प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. तिथल्या चुनखडीतून माशांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बाहेर आले. १८४५ मध्ये नागपूरला आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूर प्रांताच्या भूगर्भावर लिहिताना या खडकांचा विचार केला. पुढे कोटा आणि मालेरी ही दोन गावांची नावे भूशास्त्राच्या पुस्तकांत खडकांच्या थरांची नावे म्हणून कायमची नोंदली गेली. १९६१ च्या सुमारास कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी पोचमपल्ली परिसरातून किमान सहा प्राण्यांची सुमारे ३०० हाडे काढली. ती हाडे लांब मानेच्या, वनस्पती खाणाऱ्या डायनोसॉरची होती. १९७५ मध्ये त्याला बारापासॉरस टागोराय असे नाव दिले गेले. रवींद्रनाथ टागोरांची जन्मशताब्दी १९६१ मध्ये होती, म्हणून नावात टागोर आले. त्याचा सांगाडा आज कलकत्त्यात उभा आहे. आदिलाबाद जिल्ह्यातल्या यामनपल्लीजवळ मिळालेल्या दुसऱ्या डायनोसॉरला १९८८ मध्ये कोटासॉरस हे नाव मिळाले आणि त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात गेला.

कोटा थरातले हे प्राणी साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. खोदकामाला हात लागले गावकऱ्यांचे, हाडे गेली महानगरांत आणि शोधनिबंध छापले गेले इंग्रजीत. हा दगड आहे की हाड, हे कसे ओळखायचे, माशांचे अवशेष आज कोरड्या असलेल्या जागी कसे आले, थराचे वय कसे काढतात, हे प्रश्न सहावीतल्या मुलालाही पेलतात. तरी शंभराहून अधिक वर्षे ते गावच्या शाळेत पोहोचले नाहीत. महाराष्ट्र वन विभागाने सिरोंचाजवळ वडधम येथे जीवाश्म उद्यान केले, ती निदान एक सोय झाली. त्यातही मुले तिथे काय पाहतात यापेक्षा परत आल्यावर काय विचारतात, हे महत्त्वाचे आहे.

जंगलाबाबतचा वाद शाळेच्याही आधी इथे येऊन थडकला. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हैदराबादच्या निजामाच्या वनखात्याने सागवानी जंगलांच्या हद्दी आखून राखीव क्षेत्रे केली. फिरती शेती करणाऱ्या गोंड आणि कोलामांच्या वस्त्या त्या हद्दींच्या आत सापडल्या. चराईचा कर, जळणावरची वसुली आणि शेतीवरून हुसकावणे यांतून असंतोष वाढत गेला. कोमराम भीम यांच्या नेतृत्वाखालचे बंड १९४० मध्ये जोडेघाट येथे त्यांच्या मृत्यूने चिरडले गेले. बंडामागची कारणे शोधण्यासाठी निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना पाठवले. ते आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ आजच्या जैनूर मंडलातल्या मारलवाई या गोंड वस्तीत राहिले. जमिनीची नोंद, पावती आणि वनखात्याचा कागद वाचता न येणे हे लुबाडणुकीचे मोठे कारण आहे, हे त्यांच्या ध्यानात आले.

१९४३ मध्ये मारलवाईत गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. त्या काळी हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचे होते. अशा राज्यात गोंड मुलांसाठी गोंडी भाषेतली वाचनपुस्तके निघाली आणि ती देवनागरीत छापली गेली. त्यामागचे कारण व्यवहारी होते. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांच्या काळापासून या भागाचा मराठीशी संबंध होता आणि थोडेफार लिहिता-वाचता येणाऱ्या गोंडांना ती अक्षरे मराठीमुळे माहीत होती. पुस्तकांत परकी राजे-राण्या नव्हत्या. गोंडांच्या आपल्या कथा आणि रोजचे जगणे त्यांत होते. शिक्षकही गोंडच होते. या केंद्रातून बाहेर पडलेल्यांपैकी काही जण पटवारी झाले, काही कारकून झाले, काही वनरक्षक झाले. ज्या खात्याची भीती वाटायची त्याच खात्याची वही आता गावच्या मुलाच्या हातात आली. चिकित्सक विचाराचा याहून ठोस पहिला धडा क्वचितच मिळेल: कागदावर जे लिहिले आहे ते स्वतः वाचून, जमिनीवर जे दिसते त्याच्याशी ताडून पाहणे.

या कामाला मराठी हातही लागला. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हे हैदराबाद सरकारचे अधिकारी म्हणून चाळीसच्या दशकाच्या अखेरीस आदिलाबादच्या आदिवासी भागात होते. त्यांनी गोंडी शिकून घेतली, गोंडी आणि कोलामी या भाषांची व्याकरणे लिहिली आणि आदिलाबादच्या गोंडांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ज्या लोकांचा कारभार पाहायचा त्यांची भाषा अधिकाऱ्याने आधी शिकायची, ही त्यांची पद्धत होती. मराठी वाचक पगडींना शिवकाळाचे अभ्यासक म्हणून ओळखतात. त्यांच्या या कामाची आठवण त्या मानाने फारच कमी ठेवली गेली आहे, आणि ही उणीव भरून निघायला हवी.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत किनवट आणि राजुरा हे भाग आदिलाबादमधून निघून नांदेडला जोडले गेले. राजुरा १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात गेला. उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिला आणि शाळांमधली भाषा तेलुगू झाली. गोंडी पुस्तके मागे पडली. हायमेनडॉर्फ यांनी अनेक वर्षांनी या भागात परत येऊन केलेल्या लेखनात याबद्दल खंत व्यक्त केली आहे. एलिझाबेथ १९८७ मध्ये वारल्या. त्यांना मारलवाईतच पुरले आहे आणि हायमेनडॉर्फ यांचे अवशेषही पुढे तिथेच आणले गेले. त्यांनी उभे केलेले केंद्र मात्र त्या रूपात टिकले नाही. सीमेच्या वादाचा एक परिणाम अजून दिसतो. महाराष्ट्रातले जिवती आणि तेलंगणातले केरामेरी यांच्या दरम्यानच्या १४ गावांत दोन्ही राज्यांच्या शाळा आहेत, एक मराठी आणि एक तेलुगू. एकाच डोंगरावरच्या मुलांना त्याच डोंगराबद्दल दोन निरनिराळी पाठ्यपुस्तके मिळतात. कोणी मनावर घेतले तर दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून तुलना करण्याची सुरेख संधी त्यात दडलेली आहे.

दरम्यान वर्धा नदीच्या खोऱ्यात आणि त्याच्याही पलीकडे शिक्षणाचे निराळे प्रयोग चालू होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम पुढे आली. हाताने करायचे काम आणि आसपासचे जग यांतून सगळे विषय शिकवावेत, हे तिचे सूत्र होते. सूत कातणे गाजले. कामातून प्रश्न विचारायला शिकवण्याचा तिचा दुसरा अर्धा भाग मात्र बहुतेक सरकारी शाळांत हरवून गेला.

१९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ उच्च प्राथमिक शाळांत किशोर भारती ही संस्था आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. त्याची मुळे शिक्षकांच्या एका अभ्यासगटात होती आणि मुंबई महापालिकेच्या शाळांतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मदतीने तशाच स्वरूपाचे काम झाले होते. मुले प्रयोग आधी करत, निष्कर्ष स्वतः लिहीत आणि परीक्षेला पुस्तक उघडे ठेवून बसत. मुलांची पत्रे ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राच्या नावाने येत आणि त्यांना उत्तरे जात. १९७८ पासून हा कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात पसरला, १९८२ मध्ये एकलव्य संस्थेने त्याची धुरा घेतली आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षे चाललेले काम एका सरकारी निर्णयाने संपावे, ही देशाच्या विज्ञानशिक्षणातली वेदनादायक घटना आहे. महाराष्ट्रात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांसाठी काम केले.

कायद्यानेही या विषयाला हात घातला. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने निसर्गाचे रक्षण आणि वैज्ञानिक दृष्टी ही दोन्ही नागरिकांची मूलभूत कर्तव्ये ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करण्याचा आदेश दिला आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचा पुन्हा पाठपुरावा केला. विषय वेळापत्रकात आला. पुष्कळ ठिकाणी तो घोषवाक्ये, चित्रस्पर्धा आणि जूनमधले वृक्षारोपण यांपुरता राहिला. मुलांनी झाड लावले. तेच झाड का, त्याच जागी का आणि त्या जागेवर आधी काय होते, हे कोणी विचारायला लावले नाही.

नदीपलीकडच्या गडचिरोलीत हे विचारणे शाळेबाहेर सुरू झाले. गोदावरीवरचे इंचमपल्ली आणि इंद्रावतीवरचे भोपालपट्टणम या नियोजित धरणांमुळे आदिवासी गावे आणि जंगल बुडणार होते. १९८४ मध्ये बाबा आमटे, लालश्याम शाह आणि अनेक कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. त्याच हवेत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात एक नवी रीत घडत गेली. मोहन हिराबाई हिरालाल आणि गावातले देवाजी तोफा यांच्या सहभागातून तिथे अभ्यासगट बसू लागले. विषय ठरवायचा, जाणकार बाहेरून बोलवायचा, कागद मागवायचा, वाचायचा, आणि पटेपर्यंत चर्चा करायची. अभ्यासगटात निर्णय होत नसे. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने होई. ही विभागणी फार विचारपूर्वक केलेली आहे. ज्या बैठकीत लगेच हात वर करायचा नसतो त्या बैठकीत माणूस आपले मत बदलायला कचरत नाही.

या अभ्यासगटांचे विषय घरचे होते. निस्तार हक्काच्या, म्हणजे घरगुती गरजेपुरते जंगल वापरण्याच्या हक्काच्या, जुन्या नोंदी कुठे आहेत आणि त्या काय सांगतात, कागद गिरणीला दिलेला बांबू गावाला काय देतो, पोळे न जाळता आणि माशा न मारता मध कसा काढता येतो. मधाच्या अभ्यासातून काढणीची पद्धत बदलली. वनहक्क कायदा २००६ मध्ये आल्यावर गावाकडे पुराव्यांची तयारी होती. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात सर्वात आधी मिळालेल्या अशा हक्कांपैकी तो एक होता. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकारही गावाच्या हाती आले. मेंढ्यात ज्या वयाची माणसे वर्तुळात बसली ती बहुतेक शाळेच्या वयापुढची होती. पण कोणत्याही शाळेने उचलावी अशी पद्धत तिथे तयार झाली आणि ती बेज्जूरपासून फार दूर नाही.

बेज्जूरच्या स्वतःच्या जंगलात असा अभ्यास करण्याजोगा सर्वात चांगला विषय २०१३ मध्ये नजरेस आला. पेद्दवागू आणि प्राणहिता यांच्या परिसरात, नंदीगावजवळ पालारापू नावाचा उंच कडा आहे. त्या कड्याच्या कपारींत लांब चोचीच्या गिधाडांची वीण होत असल्याचे आढळले. तोपर्यंत तेलंगणाच्या भागातून गिधाडे संपलीच, असे मानले जात होते. वन विभागाने तिथे देखरेख ठेवली आणि खाद्याची सोय केली. पलीकडे गडचिरोलीतही वन विभागाने गिधाडांसाठी खाद्यस्थळे केली.

गिधाडे का संपली, ही कथा विज्ञान कसे चालते ते शिकवायला फार उपयोगी आहे. नव्वदच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी आधीच्या मोजणीशी तुलना करून मोठी घट दाखवली. लोकांनी आणि तज्ज्ञांनी कारणे पुढे केली: मेलेली गुरे कमी झाली, कीटकनाशके पोटात गेली, एखादा विषाणू पसरला. प्रत्येक कारण ऐकायला पटण्याजोगे होते. पाकिस्तानात लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडे तपासली तेव्हा बहुतेकांची मूत्रपिंडे निकामी झालेली आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचलेला आढळला. विषाणू, जड धातू, कीटकनाशके एकेक करून तपासली गेली; त्यांतून उलगडा होईना. मग त्यांनी प्रश्नच बदलला. गिधाडांचे खाद्य बहुतेक मेलेली गुरेच असते, तर गुरांना अलीकडे कोणते नवे औषध दिले जाते? जनावरांच्या डॉक्टरांकडे आणि औषध दुकानांत चौकशी केल्यावर डायक्लोफेनॅक हे स्वस्त वेदनाशामक पुढे आले. मेलेल्या पक्ष्यांत ते सापडले, आणि ते दिलेल्या जनावराचे मांस खाऊ घातल्यावर गिधाडे तशीच मेली. हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

यातले गणितही वर्गात करता येते. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि एका मेलेल्या जनावरावर डझनावारी गिधाडे उतरतात. त्यामुळे शंभरांतले एक जनावर, किंबहुना त्याहूनही कमी, विषारी असले तरी दिसली तेवढी घट घडू शकते, असे अभ्यासकांनी दाखवले. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी आणि लांब चोचीची सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या तरीही गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या औषधाची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित झाली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक या औषधांच्या गुरांसाठीच्या वापरावरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आधीपासून उपलब्ध आहे. बेज्जूरच्या मुलाला या साऱ्याची पडताळणी गावातच करता येते: आपल्या गोठ्यात आजारी बैलाला कोणते इंजेक्शन दिले जाते, मेलेले जनावर कुठे टाकले जाते, आजोबांच्या लहानपणी किती गिधाडे उतरत आणि आजोबांची आठवण पुरावा म्हणून कितपत धरावी. शेवटचा प्रश्न सर्वात कठीण आहे आणि म्हणूनच तो वर्गात यायला हवा.

याच परिसरातले इतर प्रश्न इतके सरळ सुटणारे नाहीत, कारण तिथे वस्तुस्थितीबरोबर हक्कही गुंतलेले आहेत. ३० जून २०१९ रोजी कागजनगर मंडलातल्या सारसाला येथे वनीकरणासाठी जमीन तयार करताना वादंग झाले आणि एका महिला वनअधिकाऱ्यावर जमावाने हल्ला केला. ती जमीन वनखात्याच्या लेखी जंगल होती आणि गावकऱ्यांच्या लेखी पोडू, म्हणजे जंगल साफ करून केलेली शेती. हल्ल्याचे समर्थन कोणीही करू नये. पण झाड लावणे नेहमीच निरपवाद पुण्यकर्म असते, असे शिकलेल्या विद्यार्थ्याला ही घटना समजणारच नाही. राखीव हद्द कोणत्या वर्षी आखली, त्याआधी तिथे कोण नांगरत होते आणि वनहक्काचा दावा कुठवर आला, हे पाहिल्याशिवाय मत बनवता येत नाही. १९४० चा जोडेघाट आणि २०१९ चे सारसाला यांच्यामध्ये सरकारे अनेक बदलली. वाद त्याच प्रकारच्या हद्दीवर अडून राहिला.

नदीचेही तसेच आहे. तुम्मिडिहेट्टीला बंधारा बांधून प्राणहितेचे पाणी हैदराबादजवळच्या चेवेल्लापर्यंत नेण्याच्या योजनेची पायाभरणी २००८ मध्ये झाली. बंधाऱ्याची पातळी १५२ मीटर हवी असे एका राज्याचे म्हणणे, तर महाराष्ट्राला बुडीत क्षेत्रामुळे १४८ मीटरवर जाणे मान्य नव्हते. ऑगस्ट २०१६ च्या करारात १४८ मीटर ठरले. मुख्य उपसा मात्र त्याआधीच गोदावरीवर, मेडीगड्डा येथे हलवण्याचे ठरले होते. तिथले धरण २१ जून २०१९ रोजी सुरू झाले आणि २१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याचे काही खांब खचले. सिरोंचा तालुक्यातल्या शेतांत पाणी शिरत असल्याच्या तक्रारी त्याआधीपासून होत्या. चार मीटरच्या फरकाने किती एकर बुडते, हे समोच्चरेषांचा नकाशा वाचता येणाऱ्या नववीच्या मुलाला काढता येते. भूगोलाच्या तासाला शिकवलेल्या त्या रेषांचा याहून चांगला उपयोग या काठावर दुसरा नाही.

वाघांच्या बाबतीत प्रश्न सर्वात ताजा आहे. ताडोबा आणि कवाल या व्याघ्र प्रकल्पांमधल्या जंगलाच्या पट्ट्यातून वाघ सिरपूर, कागजनगर आणि बेज्जूर भागात येऊन स्थिरावले आणि त्यांची पिल्ले इथे वाढली. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये दहेगाव आणि पेंचिकलपेट मंडलांत वाघाच्या हल्ल्यात माणसेही मेली. ३० मे २०२५ रोजी तेलंगणा सरकारने कवाल आणि ताडोबा यांना जोडणारे सुमारे १,४९२ चौरस किलोमीटरचे कोमराम भीम संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. बेज्जूरचे जंगल त्यात येते. आदिवासी संघटनांनी हक्क आणि वहिवाट यांच्या चिंतेने विरोध केला आणि २१ जुलै २०२५ रोजी आदेश स्थगित झाला. वाघांच्या वाटेची निकड आणि गावांची भीती, दोन्ही खऱ्या आहेत. आदेशाचा मजकूर, वनहक्क कायद्याची कलमे, वन विभागाचे वाघांचे ठसे आणि कॅमेऱ्यांची छायाचित्रे, गुरे मारली गेल्याच्या नुकसानभरपाईच्या नोंदी, आणि गावातल्या मोहफुले व तेंदूपत्ता वेचणाऱ्या बायकांच्या वाटा, एवढे साहित्य बेज्जूरच्या कोणत्याही शाळेच्या चालत्या अंतरात आहे. ते वर्गात आणायला मारलवाईसारखा गावातला शिक्षक, मेंढ्यासारखी बैठक आणि मुलांच्या भाषेत लिहिलेले चार कागद लागतात.